दोघी आल्या का?

मुक्ताबाई गायसमुद्रे कधी हसत नाहीत, असं आमच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. हे साफ खोटं आहे. मी त्यांना भर ऑफिसात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं आहे. पण त्या कशावर हसत होत्या हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. मी आबाराव, शेतकी विभागातला कारकून. त्यांची खोली माझ्या टेबलाला लागून होती, मध्ये फक्त काच. म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

मुक्ताबाई जळकोटच्या. वडिलांनी छप्पन साली ऐन तारुण्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि पुढं पोरगी झाली तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला, की ही शिकणार. ती मॅट्रिक झाली. तुळजापूरला एका माडीवरच्या टायपिंग क्लासात बसून इंग्रजी आणि मराठी दोन्ही परीक्षा दिल्या, आणि आमच्या कारखान्यात हंगामी टायपिस्ट म्हणून लागली. हंगामी म्हणजे धुराडं पेटलं की कामावर, विझलं की घरी. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री कुणीच देत नसे.

आमचा कारखाना काही ढोकीच्या कारखान्यासारखा मोठा नव्हे. सहकाराचं वारं जोरात होतं तेव्हा माळावर उभा केला आणि नंतर आठवलं की उसाला पाणी लागतं. पण हौस दांडगी. सत्त्याऐंशी साली संचालक मंडळाने कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली केली, गार हवेचं यंत्र बसवलं. आम्ही माणसं घामानं निथळत असू आणि तो गारव्यात बसलेला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. खंडेनवमीला शिपायानं त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचा हार घातला, तेव्हा पाकळ्या बटणांच्या फटीत गेल्या. मुक्ताबाईंनी त्या हेअरपिनेनं एक एक बाहेर काढल्या.

त्या यंत्रापुढं बसायला कुणी तयार नव्हतं. बिघडलं तर पगारातून कापतील ही भीती. मुक्ताबाई म्हणाल्या, "टाईपच करायचंय ना? मी बसते." असं ते काम त्यांच्या गळ्यात पडलं.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. विहिरी भादव्यातच तळ दाखवू लागल्या. उभा ऊस वाळून चिपाड व्हायच्या आत तोडायला हवा होता, आणि तोडणीच्या टोळ्या मोजक्या. मग मंडळाने एक चांगला ठराव केला. अशा गोष्टी रोज घडत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो. ज्याची विहीर आधी आटली त्याचा ऊस आधी तुटेल, आणि हा क्रम कॉम्प्युटर लावील. एरवी क्रम कसा लागायचा ते विचारू नका. संचालकांच्या पाव्हण्यांचा ऊस नेहमी इतरांच्या आधी पिकायचा.

चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद घेणारी शेतकी विभागाची पोरं, गावोगाव फिरले. प्रत्येक सभासदाची एक चिठ्ठी: सभासद क्रमांक, नाव, लागणीची तारीख, विहिरीला पाणी आहे की नाही, आटली असेल तर कधी. मुक्ताबाईंनी त्या सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत लोटस नावाच्या प्रोग्रॅमच्या शीटवर उतरवल्या. रकान्याला लागून रकाने, हजारो ओळी. पण गावागावाचा क्रम लावून छापायचं काम डीबेस नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हायचं होतं, आणि शीटवरचा माल डीबेसमध्ये ओतायला सोलापूरहून शिवशरण नावाचा इंजिनियर आला. तरुण, हुशार, बोलायला गोड, आणि संध्याकाळची सोलापूर गाडी चुकेल या काळजीत असलेला.

ओतायचं म्हणजे काय ते मला मुक्ताबाईंनीच नंतर समजावलं. डीबेसमध्ये प्रत्येक रकान्याला आधी बजावून ठेवावं लागतं की तू आकड्यांचा, तू अक्षरांचा, आणि तुझी रुंदी एवढीच. शीटवर जे असेल ते त्या मापात बसलं तर आत येतं. नाही बसलं तर ते यंत्र कुरकुर करत नाही, गुपचूप कापून टाकतं.

पहिल्यांदा ओतलं तर सभासद क्रमांकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. शिवशरण म्हणाला, "असू द्या ओ मॅडम, ते मागाहून बघू." आता अडचण अशी, की काही लोकांच्या चिठ्ठ्या दोनदा आल्या होत्या. आधी विहिरीला पाणी होतं, मग आटलं, म्हणून चिटबॉयनं नवी चिठ्ठी भरलेली. ही दुबार नावं काढायला क्रमांक हवे होते, आणि क्रमांकांची तर शून्यं झालेली. मग शिवशरणने नावावरच काम भागवलं. त्याच नावाची दुसरी ओळ आली की पहिली जुनी म्हणून गाळायची. भराभर कागद छापून बाहेर आले, आमच्या शेतकी साहेबांनी पेढे मागवले, शिवशरणला गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर तुळजाबाई सुरवसे येऊन उभी राहिली. जळकोटचीच. मालक दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, सगळी शेती हिच्या अंगावर.

"आबाराव, माजा ऊस कवा तुटतुया?"

मी जळकोटचा कागद काढला. सुरवसे तुळजाबाई दगडोबा. "मार्चात," म्हटलं.

"मार्चात? आवं, तवर चुलीत घालाया बी ऱ्हायचा न्हाय! माजी वीर भादव्यात आटली की."

"इथं तर विहिरीला पाणी आहे असं लिहिलंय."

"ती म्या न्हाय!" तुळजाबाईचा आवाज चढला. "ती चिंचंच्या विहिरीची तुळजाबाई. म्या माळावरची!"

आता हे परगावच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. आज्याला चार लेक असले की चार घरांत चार दगडोबा, आणि आडनाव सगळ्यांचं एक. मुलगी झाली तर निम्म्या घरांना आई तुळजाभवानीच्या पलीकडे नाव सुचत नाही. त्यामुळे चुलतभाऊ दगडोबा आणि दगडोबा, दोघांच्या बायका तुळजाबाई आणि तुळजाबाई, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गावात कुणाचा घोटाळा होत नाही, कारण गाव माणसाला विहिरीवरून, झाडावरून, नाहीतर खोडीवरून ओळखतं. चिठ्ठीवर मात्र चिंच नव्हती आणि माळही नव्हता.

"ऊस तुटला की वाढं मिळंल म्हून बैलं दावणीला ठिवलीत," ती म्हणाली. "कडबा कवाच सरला. रोज सांगतीया त्यास्नी, आज येतुया, उद्या येतुया. आता काय सांगू?" आणि एवढी ताठ बाई, पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मुक्ताबाई काचेपलीकडून ऐकत होत्या. अनवाणीच बाहेर आल्या, तुळजाबाईला बाकावर बसवलं, आणि परत आत गेल्या. शीटवरच्या ओळी किती आणि डीबेसमध्ये आलेली माणसं किती, एवढंच त्यांनी ताडून पाहिलं. पन्नासच्या वर माणसं गायब होती, आणि दुबार चिठ्ठ्या तर थोड्याच होत्या.

त्या तडक आमचे शेतकी अधिकारी व्यंकटराव साहेब यांच्या खोलीत गेल्या. मीही मागं गेलो, कारण भांडण बघायला मला आवडतं. व्यंकटराव माणूस वाईट नव्हता. पण उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायला दोन दिवस उरले होते, टोळ्या पाचटाच्या कोप्या घालून बसल्या होत्या, आणि चावडीवर कागद लागले नाहीत म्हणून गावोगावचे लोक त्यांचं डोकं खात होते.

"एवढ्या हजारांत पन्नास म्हणजे काय हो?" ते म्हणाले. "त्या बाईंचं नाव हातानं लिहा खाली."

"खाली म्हणजे कुठं, साहेब?"

"शेवटी."

"शेवटी म्हणजे एप्रिल. एप्रिलात तिथं ऊस नसेल. आणि बाकीच्यांची नावं मला माहीत नाहीत. ते अजून आलेच नाहीत विचारायला."

"म्हणजे सगळं पुन्हा करायचं?"

"व्हय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत. नाही झालं तर आहे तेच चावडीवर लागेल. आणि मग पुढल्या हंगामाला तुम्हाला बोलवायचं की नाही, तेही बघू." हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती. मला त्यांचा रागच आला. मुक्ताबाईंनी फक्त "बरं" म्हटलं आणि शिवशरणला बोलावून घ्यायला सोलापूरला फोन लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा त्या कामाला लागलेल्या होत्या. त्यांची रीत सांगतो, मला ती फार आवडली. त्या एका वेळी एकच गोष्ट बदलायच्या, पुन्हा ओतायच्या, आणि काय फरक पडला ते बघायच्या. दोन गोष्टी कधीच एकदम बदलायच्या नाहीत. मी म्हटलं, "अशानं वेळ जाईल." तर म्हणाल्या, "दोन्ही बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कसं कळंल? भाजी खारट झाल्यावर तुम्ही मीठ आणि पाणी एकदम घालता का?" मी आयुष्यात भाजी केलेली नाही.

आधी त्यांनी नावाचा रकाना पाहिला. आडनाव पुढं, मग नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं. रकाना एवढा अरुंद, की आडनाव आणि नाव लांब असलं तर शेवटचं नाव दोन अक्षरांतच कापलं जात होतं. माणिकप्पाचा लेक आणि माळप्पाचा लेक, दोघेही 'MA' वर येऊन एकच होत होते. त्यांनी रकाना रुंद केला, पुन्हा ओतलं. गायब झालेल्यांपैकी निम्म्याच्या वर माणसं परत आली. मी टाळी वाजवली.

"तुळजाबाई आल्या का बघू द्या आधी," त्या म्हणाल्या.

तुळजाबाई आली नव्हती. चिंचेच्या विहिरीची तेवढी तिथं बसली होती. कशी येणार? आडनाव तेच, नाव तेच, नवऱ्याचं नावही शेवटच्या अक्षरापर्यंत तेच. रकाना गावाएवढा रुंद केला असता तरी त्या दोघी एकच राहिल्या असत्या.

तेवढ्यात वीज गेली. हंगाम सुरू झाला की कारखान्याची स्वतःची वीज असते, तोवर सगळा बोर्डाचा कारभार. मी पंख्याला शिव्या घालत बाहेर जाऊन बसलो. मुक्ताबाई अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यासमोर तशाच बसून राहिल्या.

वीज आली तेव्हा त्यांनी ती हजारो ओळींची शीट बाजूला ठेवली आणि एक नवी, एवढीशी शीट केली. फक्त दोन ओळी. मी डोकावून पाहिलं. गायसमुद्रे पुतळाबाई. खाली पुन्हा, गायसमुद्रे पुतळाबाई. क्रमांक तेवढे वेगळे.

"पुतळाबाई म्हणजे तुमच्या आई ना?"

"वरची आई. खालची आमच्या चुलत्याची बायको."

"मग या दोघी कशाला मध्येच?"

"चूक धरायची तर आपल्या ओळखीच्या माणसावर धरावी. हजारांत काय दिसतंय?" त्या म्हणाल्या. बोटं बटणांवर चालूच होती. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. रस्त्याच्या कामावर आई खडी फोडायची आणि ही पोरगी टोपलं भरायची. शेजारीच दुसरी पुतळाबाई फोडायला बसलेली. आठवड्याच्या शेवटी हजेरी वाचणाऱ्या माणसानं एक नाव दोनदा पाहिलं, त्याला वाटलं कुणीतरी लबाडी केली, आणि त्यानं एकीवर काट मारली. दोघी समोर उभ्या होत्या. तो मान वर करायला तयार नव्हता. एक नाव, एक हजेरी, एवढंच म्हणत राहिला. त्या आठवड्याची एकीचीच मजुरी आली, खायला मिळणारी सुकडीही एकीचीच आली. दोघींनी ती तिथंच रस्त्याच्या कडेला निम्मी-निम्मी केली.

"आई त्याला म्हणाली, 'बाबा, म्या हाय का न्हाय, ते वर बगून सांग की.' त्यानं नाही बघितलं." मुक्ताबाईंनी चष्मा काढून पुसला. "मला त्या माणसाचा अजून राग येतो, आबाराव. तो मेला असंल तरी येतो."

मी चहा सांगितला.

दुपारी शिवशरण एसटीनं आला. शर्टाला सगळी धूळ. मुक्ताबाईंनी त्याला काही सुनावलं नाही, फक्त त्या दोन ओळी ओतून दाखवल्या. पडद्यावर एकच पुतळाबाई आली. शिवशरणनं ती वाचली आणि कपाळावर चापट मारून घेतली.

"अहो, आमच्या घरात आम्ही तीन शिवशरण आहोत! आज्जाचं नाव. एकाची नोकरीची ऑर्डर आली तर तिघांनी उघडून बघितली होती." तो खुर्ची ओढून बसला. "आणि मीच नावावर गाळायला सांगितलं. मला माझ्याच आज्जानं हाणलं पाहिजे बघा."

त्याचा हा स्वभाव मला आवडला. चूक झाली की काही माणसं यंत्राला दोष देतात, काही टायपिस्टला. त्यानं आधी स्वतःला दिला.

मग दोघं मिळून त्या शून्यांच्या मागे लागले. कारण सापडलं ते अगदी साधं होतं. आमच्या सभासद क्रमांकाच्या पुढं गावाचं अक्षर असतं, जळकोटला इंग्रजी 'J', मग रेघ, मग आकडा. रकान्याला बजावून ठेवलेलं की तू आकड्यांचा. पुढं अक्षर दिसलं की त्यानं सगळ्याचं शून्य केलं. शिवशरणने रकाना अक्षरांचा केला. मग मुक्ताबाईंनी गाळण्याची अट नावावरून काढून क्रमांकावर लावली. आधी दोन ओळी ओतल्या.

पडद्यावर एक पुतळाबाई उमटली. तिच्याखाली दुसरी पुतळाबाई उमटली.

"आल्या दोघी," मुक्ताबाई म्हणाल्या.

मग सगळी शीट ओतली. यंत्र घरघरत राहिलं. आम्ही तिघंही उभेच. झालं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी जळकोट काढलं. चिंचेच्या विहिरीची तुळजाबाई मार्चात होती. माळावरची सर्वांत वर, पहिल्या टोळीला.

पण आकडा अजून थोडा कमीच होता. मी म्हटलं आता पुरे. मुक्ताबाई ऐकेनात. गळालेली एक एक ओळ त्यांनी काढून पाहिली. या मात्र खऱ्याच दुबार होत्या, तोच क्रमांक, तोच माणूस, आणि त्यात दोन ठिकाणी तर त्यांनीच एक चिठ्ठी दोनदा टाईप केलेली. त्या "माझीच चूक" म्हणून मान हलवत खाली खाली गेल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. बघतो तर बाई हसत होत्या. पडद्यावर आमच्या व्यंकटराव साहेबांचं नाव होतं. साहेबांच्या स्वतःच्या उसाच्या दोन चिठ्ठ्या आल्या होत्या, एक साहेबांनी दिलेली आणि एक त्यांच्या सालगड्यानं.

"साहेबच जास्तीचे निघाले!" त्या कशाबशा म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या. शिवशरण हसला, मी हसलो, दारातला शिपाई काही न कळता हसला. काय झालं बघायला साहेब स्वतःच आले, आणि त्यांना सांगायची हिंमत कुणाला होईना. शेवटी मुक्ताबाईंनीच सांगितलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "छापा आता लवकर. हसताय काय?" पण जाताना तेही ओठ दाबत होते.

संध्याकाळच्या आत कागद गावोगाव गेले. मोळी पडली, आणि पहिल्याच आठवड्यात टोळी माळावरच्या तुळजाबाईच्या रानात शिरली. ऊस बारीक पडला होता, वजन काही फार भरलं नाही. पण वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधून तिनं दावणीपुढं गंज रचला. जळकोटला गेलो तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघितलं. बैलं रवंथ करत बसली होती आणि तुळजाबाई मला म्हणाली, "त्या कोम्पुटरवाल्या बाईला सांगा, माजी बैलं खात्यात म्हून." मी निरोप पोचवला.

मुक्ताबाईंना पुढच्या हंगामाला बोलावलं, त्याच्या पुढच्यालाही, आणि मग कायमच केलं. नवी यंत्रं आली, नवे इंजिनियर आले. प्रत्येक हंगामाला शीटवरून माल ओतायची वेळ आली की त्या आधी ती दोन ओळींची फाईल काढायच्या. नवीन इंजिनियर विचारायचा, ही टेस्ट फाईल कुणाची? त्या म्हणायच्या, "माझी." दोन्ही पुतळाबाई पलीकडे सुखरूप उतरल्याशिवाय त्या बाकीच्या एकाही माणसाला हात लावत नसत. नाहीच उतरल्या तर साहेब असो की चेअरमन, सगळ्यांनी थांबायचं.

एक्क्याण्णव साली त्यांची आई वारली. हंगाम तोंडावर होता. रजा संपवून त्या आल्या त्या दिवशी मी जरा घाबरतच काचेजवळ उभा राहिलो. त्यांनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसल्या, आणि तीच फाईल काढली. बटण दाबलं. वरची आली, खालची आली. मुक्ताबाई बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत होत्या.

मी विचारलं, "आल्या का दोघी?"

"आल्या," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि मोठी शीट पुढं ओढली. "आता बाकीच्यांना आणते."